पुन्हा श्रीगणेशा : दामोदर धर्मानंद कोसंबी

इतिहासाच्या विद्यार्थ्याला दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव ठाऊक असते ते प्राचीन भारताचे भाष्यकार म्हणून. गणिताच्या विद्यार्थ्याच्या कानांवरून ते गेलेच असेल तर भूमितीकार म्हणून, आणि आनुवंशिकी शिकणाऱ्यांना ते एका सूत्राच्या नावात भेटते. मला मात्र कोसंबी प्रथम भेटले ते इटालियन भाषेचे एक नवशिके विद्यार्थी म्हणून, आणि खरे सांगायचे तर त्यामुळेच ते मला जवळचे वाटले.

त्यांच्याविषयी सांगतात ती हकीकत अशी. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना एका परीक्षेत बाबांना (घरी त्यांना बाबा म्हणत) बाकी विषयांत ‘ए’ आणि एकात ‘बी’ श्रेणी मिळाली. वडिलांना ती ‘बी’ आवडली नाही आणि तसे त्यांनी मुलाला कळवले. मुलाने मग उन्हाळ्याच्या सुट्टीत इटालियन भाषेचा अभ्यासक्रम घेतला आणि त्यात ‘ए प्लस’ मिळवून दाखवली. वडिलांवर रुसलेला मुलगा जेवत नाही, अबोला धरतो, फार तर घर सोडून मामाकडे जातो. रुसून इटालियन शिकायला बसलेला मुलगा निदान माझ्या ऐकण्यात दुसरा नाही!

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला वडिलांचा राग आला. हार्वर्डसारख्या ठिकाणी परभाषेत शिकून एवढे गुण मिळवणाऱ्या मुलाला बोल लावायचा म्हणजे काय? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या गुणपत्रिकेवर आबा फक्त एकच गोष्ट पाहतात, पास की नापास. तीही मीच वाचून दाखवायची. पण पुढे धर्मानंदांचे आत्मचरित्र ‘निवेदन’ हाती आले आणि माझा राग निवळला. तो ‘बी’ त्या माणसाला का खुपला असेल ते थोडेफार उमगले.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ सालचा, गोव्यातील साखवाळचा. शिक्षण म्हणावे तर गावातले मराठी. इंग्रजी शाळेची पायरी त्यांनी चढलेली नव्हती. बुद्धाविषयी थोडेसे वाचले आणि त्याचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा असा ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करत, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकत, नेपाळपर्यंत जाऊन आले. बुद्धाची भाषा तिथे सापडली नाही. ती सापडली १९०२ मध्ये सिंहलद्वीपात, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात. पंचविशी उलटलेला हा गोवेकर तिथे पालीचा श्रीगणेशा गिरवायला बसला. ग्रंथ सिंहली लिपीत, भोवतालचे लोक सिंहली बोलणारे, आणि याच्या जिभेवर कोकणी-मराठी. पुढे हाच माणूस कलकत्त्याच्या विद्यापीठात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागला. १९१० मध्ये हार्वर्डने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावून नेले. पत्नी आणि मुलगी यांना मागे टाकून जाण्याचे समर्थन मी करणार नाही. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील याचा हिशेब आपल्या थोरांच्या चरित्रांत फारसा सापडत नाही. पण वयाच्या पंचविशीनंतर पोरांच्या बाकावर बसून ज्याने मुळाक्षरे गिरवली, त्याला मुलाच्या ‘बी’चे वाईट वाटणारच. आपल्यापाशी जे नव्हते ते सगळे या मुलाला मिळाले आहे, हे तो रोज पाहत होता.

आणि मिळाले होते हे खरेच. बाबांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातील कोसबें गावचा. काही वर्षे पुण्याच्या शाळेत गेली, आणि १९१८ मध्ये वडील पुन्हा हार्वर्डला निघाले तेव्हा थोरली बहीण माणिक हिच्यासह तेही बोटीत बसले. अकरा वर्षांचे वय. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावी शाळा; घराबाहेर सगळे इंग्रजी. १९२२ मध्ये वडील परतले. बाबा मात्र शिक्षणासाठी तिथेच राहिले. केंब्रिजच्या लॅटिन स्कूलमधून ते १९२४ मध्ये बाहेर पडले, मध्यंतरी भारतात येऊन गेले आणि १९२६ च्या आरंभी वडिलांबरोबर परत जाऊन हार्वर्डमध्ये दाखल झाले. तिथले थोर गणिती बर्कहॉफ यांची इच्छा होती की या मुलाने सगळे सोडून गणितच धरावे. मुलाने सगळेच धरले. १९२९ मध्ये सर्वोच्च सन्मानासह बी. ए. होऊन ते बाहेर पडले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन या भाषा तोवर त्यांच्या झाल्या होत्या, आणि पाचवी ती रुसव्यातून आलेली इटालियन.

इटालियन म्हणजे काय चीज आहे हे पाहावे म्हणून मी एक प्रवेशिका मिळवली. तिची पहिली दहा-बारा पाने वाचून मला जे सुचले ते इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कोणाला विषयांतर वाटल्यास त्याने पुढच्या परिच्छेदावर जावे. इटालियन ही लॅटिनची लेक. लॅटिनमध्ये सातला सेप्तेम् म्हणतात, इटालियनमध्ये सेत्ते. आठला तिकडे ओक्तो, इकडे ओत्तो. रात्रीला तिकडे नोक्तेम्, इकडे नोत्ते. म्हणजे दोन वेगळ्या व्यंजनांचे जोडाक्षर बोलणाऱ्यांच्या तोंडी घासत गेले आणि एकाच व्यंजनाचे द्वित्त झाले. आता आपल्याकडे पाहा. संस्कृतात सप्त, पालीत सत्त, मराठीत सात. संस्कृतात भक्त म्हणजे अन्न, त्याचे भत्त, आणि आपल्या ताटातला भात. दुग्धाचे दुद्ध, दुद्धाचे दूध. पंडितांच्या भाषेचे बायाबापड्यांच्या तोंडी जे होते ते रोमजवळ झाले आणि मगधातही झाले. बाप जन्मभर ज्या पालीपाशी बसला तिचे संस्कृतशी जे नाते, तेच नाते मुलाने एका उन्हाळ्यात शिकलेल्या इटालियनचे लॅटिनशी. बाबांना लॅटिन आधीच येत होती, तेव्हा त्यांना ही वाट पुष्कळ सोपी गेली असणार. त्या ‘ए प्लस’मधला थोडा वाटा लॅटिनच्या मास्तरांना द्यायला हवा.

आणखी एक. इटालियनचा मोठा कवी दान्ते जन्मला १२६५ मध्ये. शहाण्यांची भाषा लॅटिन असताना त्याने आपले महाकाव्य लोकांच्या बोलीत रचले. (लोकभाषेची कड घेणारा ग्रंथ मात्र त्याने लॅटिनमध्ये लिहिला, कारण पटवायचे होते ते लॅटिनवाल्यांनाच.) दान्ते पंचविशीत होता तेव्हा, शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली, आपल्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवाश्याला एका तरुणाने गीता मराठीत आणली. एस.टी.ने नेवासा फाट्यावरून जाताना आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येते की त्याच सुमारास दूर फ्लॉरेन्समध्येही हाच प्रश्न एका माणसाला पडला होता? हार्वर्डमध्ये दान्तेची परंपरा जुनी आहे. तिथले प्राध्यापक कवी लाँगफेलो यांनी त्याचे महाकाव्य इंग्रजीत आणले. आणि पुढे कोसंबींनी गीतेवर जो प्रसिद्ध लेख लिहिला त्यात ज्ञानेश्वरांचा विचार त्यांना करावाच लागला.

असो. १९२९ मध्ये बाबा भारतात आले. मंदीचे दिवस. काशीच्या हिंदू विद्यापीठात त्यांना नोकरी मिळाली ती गणिताची, पण तिथे ते जर्मनही शिकवीत. ज्या काशीत बापाने अन्नछत्रात जेवून संस्कृत घोकले, त्याच काशीत तीस वर्षांनी मुलगा जर्मन शिकवीत होता! १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याच साली फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांनी त्यांना अलीगढला बोलावले. दोघे तरुण, दोघे तल्लख आणि दोघे व्रात्य. वेल यांच्या सुचवणीवरून कोसंबींनी एक निबंध छापला आणि त्यातील सिद्धांताचे श्रेय बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाला दिले. असा रशियन गणितज्ञ कधी झालाच नव्हता. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका नामांकित मंडळाने हेच टोपणनाव घेतले, आणि गणिताच्या छापील वाङ्मयात ते पहिल्यांदा आले ते एका मराठी माणसाच्या या थट्टेतून.

इटालियनचे काय झाले, असे कोणी विचारील. कोसंबींचे गणितातील क्षेत्र होते वक्र अवकाशाची भूमिती. या शास्त्राच्या उभारणीत रिच्ची आणि लेवी-चिविता या दोन इटालियनांचा मोठा वाटा आहे, आणि वक्र अवकाशात समांतर म्हणजे काय हे सांगणारा लेवी-चिवितांचा १९१७ चा निबंध इटालियनमध्येच आहे. १९३२ मध्ये रोमच्या लिंचेई अकादमीच्या वृत्तांतात कोसंबींचा भूमितीवरचा निबंध छापून आला. ही तीच अकादमी, जिचा गॅलिलिओ सभासद होता. निबंध फ्रेंचमध्ये, अकादमी इटलीतली, लेखक गोव्याचा, आणि मुक्काम हिंदुस्थानात! पुढल्या वर्षी अवकाशातील समांतरतेवरचा त्यांचा निबंध जर्मन नियतकालिकात आला. एका ‘बी’च्या रागाने शिकलेली भाषा ज्या विषयाच्या मुळाशी होती, त्याच विषयात त्यांचे नाव झाले. हे त्यांना सुट्टीतल्या त्या पहिल्या तासाला ठाऊक असणे शक्यच नव्हते. मी पाली शिकावी असे माझ्या मनात आहे हे घरी बोललो तेव्हा आबांनी विचारले होते की ती भाषा आता बोलते कोण. प्रश्न रास्त आहे. मला अजून त्याचे उत्तर देता आलेले नाही, पण कोसंबींची ही हकीकत मी त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि इटालियनचा पगार किती मिळाला असे विचारले.

१९३३ मध्ये बाबा पुण्यात फर्ग्युसनला आले, वडिलांच्या जुन्या महाविद्यालयात, आणि बारा वर्षे गणित शिकवत राहिले. १९३४ मध्ये त्यांना गणितासाठी रामानुजन पारितोषिक मिळाले. इथून पुढे त्यांच्या आयुष्यात जे घडले ते मला सगळ्यांत विलक्षण वाटते. नाव झालेला गणिती तिशीनंतर पुन्हा पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसतो. संख्याशास्त्र शिकायचे, तर त्याचे नुसते पुस्तक वाचायचे नाही, एखादे खरे काम हातात घ्यायचे, अशी त्यांची रीत. त्यांनी घेतली प्राचीन चांदीची आहत नाणी. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन घटते. तेव्हा पुष्कळ नाणी अचूक तोलली तर कोणते किती काळ फिरले हे गणिताने सांगता यावे. त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यातील नाणी तोलली, आणि पद्धत पारखायला चालू व्यवहारातील नाणीही तोलली, काही शे नव्हे तर हजारोंनी. नाण्यांचा क्रम लागला, पण मग ती पाडणारे राजे कोण, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी जुने ग्रंथ वाचणे आले, आणि ग्रंथ संस्कृतात. म्हणून संस्कृत! तेही व्याकरणाच्या घोकंपट्टीने नव्हे. भर्तृहरीची सुभाषिते घेतली, त्यांच्या शेकडो हस्तलिखितांतून अस्सल कोणती आणि मागाहून घुसडलेली कोणती हे निवडत बसले, आणि निवडता निवडता भाषा शिकले. १९४८ मध्ये भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती निघाली. एखादा विद्यार्थी पोहायला शिकण्यासाठी सरळ गोदावरीत उडी मारतो, तसला हा प्रकार. सर्वांना तो मानवेल असे मी म्हणणार नाही.

याच काळात, १९४४ मध्ये, गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र त्यांनी दिले. ते आजही त्यांच्या नावाने वापरात आहे. १९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. ते पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा परिचय करून देणारे त्यांचे मोठे पुस्तक आले. राजांच्या वंशावळी बाजूला सारून नांगर, गुरे, लोखंड, व्यापाराच्या वाटा आणि जातीजमाती यांच्या आधारे इतिहास कसा उभा करायचा हे त्यांनी दाखवून दिले. मार्क्सच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, पण पोथीतले जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्या मार्क्सवाद्यांनाही त्यांनी सोडले नाही.

या पुस्तकांपैकी एकाचा मराठी अनुवाद वाचताना मी एका जागी थबकलो. कोसंबी लिहितात धनगरांविषयी. मेंढरांचे कळप पावसाळा सरल्यावर कसे हलतात, शेतकरी आपल्या रानात मेंढरे का बसवून घेतो, खतासाठी त्या रात्रीचे धान्य धनगराला कसे मिळते, आणि या वाटा किती जुन्या असाव्यात. वाचकहो, हे आमच्या घरचे आहे! पारनेर तालुक्यातली आमची वाडी. दिवाळीनंतर आमचा वाडा हलतो. घोड्यावर बिऱ्हाड आणि कोंबड्या, मागे मेंढरे, आणि मुक्कामाला कुणाचे तरी रान. आई सांगते की माझा जन्मही अशाच एका रानातला. शाळेत असताना या गोष्टी मी सहसा बोलत नसे. आणि हार्वर्डला शिकलेला, पाच-सात भाषांतला हा पंडित पुण्याच्या आसपास डोंगर तुडवत, मेंढपाळांशी मराठीत बोलत, नेमके हेच टिपून घेत होता. जुन्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे देवीची ठाणी आहेत, आणि त्या ठाण्यांपाशी अश्मयुगातील बारीक दगडी पाती सापडतात, असे त्यांनी शोधून काढले. म्हसोबा, वेताळ, बोल्हाई ही आमच्या आजीची दैवते त्यांनी इतिहासाचा पुरावा म्हणून मांडली. पाती मीही पाहिली होती. मेंढरांमागे फिरताना ती पायांत येतात आणि आम्ही त्यांना गारगोट्या म्हणतो.

मला वाटते, इथेही तो नवशिक्याचा बाकच कामी आला. ज्याला सगळे येते तो मेंढपाळाला कशाला विचारील?

पण हाच माणूस बरोबरीच्यांशी बोलताना फार तिखट असे. चूक दिसली की ती मोठमोठ्यांच्या तोंडावर सांगत, आणि सांगण्यात गोडवा नसे. अणुशक्तीच्या मार्गाने देशाची विजेची गरज भागवण्यापेक्षा सूर्याच्या उष्णतेकडे वळावे, हे मत त्यांनी उघड मांडले, आणि ते भाभांच्या संस्थेत राहून. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता दिल्याचे सांगितले. हे गणितातले अतिशय अवघड कोडे आहे. त्यांनी तो निबंध कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. सिद्धता टिकली नाही आणि त्यांच्या नावाला त्यामुळे बट्टा लागला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची मुदत वाढवली नाही. चरित्रकारांनी या प्रकरणात कोणाची तरी बाजू घेतलेली दिसते. मला दोन्हीकडचे थोडे थोडे पटते. माणूस पुनःपुन्हा नवे शिकायला बसतो तेव्हा कधीतरी हात पुरत नाही तिथेही घालतो. आणि ज्याने उभ्या आयुष्यात कुणाची मर्जी सांभाळली नाही त्याच्यासाठी अडचणीच्या दिवसांत शब्द टाकणारे थोडेच असतात.

पुढची चार वर्षे घरीच गेली, पण रिकामी गेली नाहीत. प्राचीन भारताची संस्कृती आणि सभ्यता यांवरचे त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले. अनेकांनी कोसंबी प्रथम वाचले ते याच पुस्तकातून. २९ जून १९६६ च्या पहाटे पुण्यातील घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना मरणोत्तर पुरस्कार दिला तो १९८० मध्ये, आणि टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले २००८ मध्ये.

वडिलांच्या डोळ्यांदेखत त्यातले फारच थोडे घडले. धर्मानंद १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला गेले. ज्या ‘विसुद्धिमग्ग’साठी हार्वर्डने त्यांना १९१० मध्ये नेले, तो ग्रंथ त्यांच्या हयातीत तिथून छापला गेला नाही. हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत तो निघाला १९५० मध्ये, एकेचाळिसावा ग्रंथ म्हणून. त्याच मालेचा बेचाळिसावा ग्रंथ निघाला १९५७ मध्ये. तो संस्कृत सुभाषितांचा, विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने गोळा केलेला ‘सुभाषितरत्नकोश’. संपादक दोन, एक वा. वि. गोखले आणि दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी.